जिप्सी किंग : साठच्या पुढे पुढची चाकं फडफडतात, स्टेअरिंगला चार बोटं खेळ. सुरुवात कुठून करू?

घाटवेडा (पुणे)

मंडळी, गाडी १९९८ ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली, सॉफ्ट टॉप. आधीच्या मालकाने २३५/७५ आर१५ टायर आणि लांब शॅकल (पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चासीला जोडणारे दुवे) टाकलेत. उभी असली की लोक फोटो काढतात. चालवायला बसलं की घाम फुटतो.

सपाट रस्त्यावर सत्तरपर्यंत तशी बरी जाते. पण कात्रज–देहूरोड बायपासवर पुलाच्या सांध्यावरून एक धक्का बसला, की पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी अशी काही फडफडतात की स्टेअरिंग हातात धरवत नाही. गाडी तीसच्या खाली आणल्याशिवाय थांबत नाही. मागे ट्रक असेल तर विचारूच नका. शिवाय सरळ जातानाही स्टेअरिंगला चार बोटं मोकळा खेळ आहे.

जवळच्या गॅरेजने नवा स्टेअरिंग डँपर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा शॉक ऍब्सॉर्बर) टाकला, बॅलन्सिंग केलं, लेझर अलाइनमेंट केली. थोडे दिवस बरं वाटलं, आता पुन्हा तेच. आता ते म्हणतात स्टेअरिंग बॉक्स बदला. मित्र म्हणतो थेट पॉवर स्टेअरिंग करून टाक, कटकट मिटेल. पैसे एकदाच खर्च करायचेत. काय करू?

जीपवाले_तात्या (सातारा)

बॉक्सच्या झाकणावर एक स्क्रू असतो लॉकनटसकट. लॉकनट ढिला करायचा, स्क्रू पाव फेरा आत, पुन्हा लॉक. खेळ जातो. आमच्या सीजे-३बी ला आम्ही आयुष्यभर हेच केलं. तिला तर बेल क्रँक असते ऍक्सलवर, तिचा पिन-बुश झिजला की सगळी गाडीच डुलते. तुमच्या जिप्सीला ती भानगड नाही, म्हणजे उरला बॉक्सच.

लेथवाला (कोल्हापूर)

तात्या, माफ करा, पण त्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावायचा. बॉक्स मधल्या जागी सगळ्यात जास्त झिजतो, कारण गाडी निम्म्याहून जास्त वेळ सरळच चालते. मधला खेळ काढायला स्क्रू आवळला की पूर्ण वळणाला तो जाम होतो आणि स्टेअरिंग आपोआप परत फिरत नाही. घाटात नागमोडी वळणावर असं स्टेअरिंग अडकलं तर काय होईल ते सांगायला नको.

घाटवेडा, खिशात हात घालण्याआधी गाडीखाली झोपा. दोन तास आणि एक मदतनीस, एवढंच लागतं.

पहिली तपासणी चारही चाकं जमिनीवर असताना. इंजिन बंद. मदतनीसाने स्टेअरिंग थोडंथोडं डावं-उजवं हलवत राहायचं, पूर्ण फिरवायचं नाही. तुम्ही खाली प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवून बघायचं. कॉलमच्या खालचं रबर कपलिंग, मग बॉक्स स्वतः चासीवर हलतोय का, मग पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा दांडा), ड्रॅग लिंकची (तिथून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन टोकं, टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) दोन टोकं. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, ते बोटाला डोळ्यापेक्षा आधी कळतं. बॉक्सच्या बोल्टाभोवती चासीला केसासारखी भेग आहे का तेही टॉर्च लावून बघा, मोठ्या टायरच्या गाड्यांत हे होतं.

दुसरी तपासणी जॅकवर. ऍक्सलखाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग, म्हणजे चाक ज्या खुंटीवर डावं-उजवं वळतं तिचं. मग तीन आणि नऊला धरून हलवा, तिथला खेळ बहुतेक टाय रॉड एंडचा.

शेवटी पाट्यांचे बुश आणि यू बोल्ट. पुढचा ऍक्सल पाट्यांनीच धरलेला आहे. बुश गेले असतील तर तुम्ही स्टेअरिंग सरळ धरता आणि ऍक्सलच खाली सरकतो.

हे करून इथे लिहा. तोपर्यंत बॉक्सही नको आणि पॉवर स्टेअरिंगही नको.

रानभूल

धागा वाचतेय. आमच्याकडे पण किंग आहे, नवरा म्हणतो जिप्सी अशीच चालते.

लेथवाला

नवऱ्याला गाडीखाली पाठवा. :)

घाटवेडा

केलं. निकाल असे.

रबर कपलिंगला भेगा, पण फारसा खेळ नाही. बॉक्सचे बोल्ट घट्ट, चासी ठीक. ड्रॅग लिंकचं पिटमन आर्मकडचं टोक सरळ सरळ टकटक करतंय. टाय रॉडचं डावं टोक वरखाली हलतं, बूट फाटून आत मातीच माती. बारा-सहाला दोन्ही चाकांना खेळ, डावीकडे जास्त. ब्रेक दाबल्यावर उजवीकडचा जवळजवळ गेला, डावीकडचा तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. चाकं हवेत असताना स्टेअरिंग हळूहळू फिरवलं की अगदी मध्यावर ते एका खाचेत बसल्यासारखं अडकतं, मग सुटतं. आणि डाव्या टायरच्या आतल्या बाजूला काळं तेलकट पाणी ओघळलेलं आहे.

मोहर्ली_जिप्सी (चंद्रपूर)

भाऊ, तुमचं निदान झालं. किंगपिन बेअरिंग. मध्यावर खाच लागते ना, तीच खूण हाय.

आमच्या ताडोब्याच्या गेटवर जिप्स्याच जिप्स्या. सकाळ-संध्याकाळ फेरी, उन्हाळ्यात पिठासारखी धूळ, पावसाळ्यात बफरमध्ये चिखल. या गाडीचा पुढचा नकल, म्हणजे चाक धरून वळणारा भाग, बंद गोळ्याचा असतो, त्याच्या मागून फेल्ट आणि रबराचं सील त्या गोळ्याला पुसत राहते. सील गेलं का धूळ-पाणी आत, ग्रीस बाहेर. तुमच्या टायरवर ओघळ आहे तो नुसत्या ग्रीसचा नाही. ऍक्सल नळीच्या टोकाचं आतलं सील गेलं असणार, त्यानं डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये उतरलं आणि ग्रीस पातळ करून टाकलं. दोन्ही सील बदला, नाहीतर नवीन बेअरिंगचंही तेच होईल.

डँपर टाकून थरथर थोडे दिवस दबते हे खरं हाय. आमच्याकडे पण लोक टाकतात, मग तोही मरते.

घाटवेडा

धन्यवाद दादा. पण बेअरिंगला खाच कशी पडते? बेअरिंग तर गोल फिरतं.

लेथवाला

इथेच गंमत आहे. किंगपिनचं बेअरिंग कधी पूर्ण फिरतच नाही. ते नुसतं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे डुलतं, आणि बहुतेक वेळ सरळच्या जागी उभं राहून खड्ड्यांचे हादरे खातं. म्हणजे तेच रोलर रेसच्या (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याच्या) त्याच जागी वर्षानुवर्षं ठोकले जातात. शेवटी प्रत्येक रोलरखाली त्याच्याच आकाराची चीर उमटते. गाडी सरळ असताना सगळे रोलर आपापल्या चिरेत बसलेले असतात, म्हणून मध्यावर अडकल्यासारखं वाटतं. आणि चिरेएवढी जागा मोकळी झाल्यामुळे वरचा दाब, म्हणजे प्रीलोड, संपलेला असतो. तो प्रीलोडच चाकाला फडफडू देत नाही. तो गेला की पुलाचा एक सांधा पुरतो.

उघडताना काही गोष्टी लक्षात ठेवा.

हब, ब्रेक, स्पिंडल काढून ऍक्सल शाफ्ट बाहेर ओढला की मागचं सील रिटेनर सोडवा, मग वरचा आणि खालचा किंगपिन. प्रत्येक किंगपिनच्या फ्लँजखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात. वरचे वर, खालचे खाली, डावे डावीकडे. वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर लिहा. नकल ओढताना खालचं बेअरिंग हमखास खाली पडतं, तळाशी कापड धरा.

रेस ठोकून काढताना पितळी पंच वापरा आणि चारही बाजूंनी थोडीथोडी ठोका. नवी बसवताना जुनीच रेस घासून तिच्या पाठीवर ठेवून ठोकली की सरळ बसते. नव्या बेअरिंगला जुनी रेस ठेवून "चालतंय की" असं कोणी म्हटलं तर त्या गॅरेजमधून गाडी ढकलत बाहेर काढा.

डेन्व्हरकर

मी इथे कोलोरॅडोत, गाडी १९९९ ची डॉज रॅम २५००, कमिन्स डिझेल. तुमच्या गाडीच्या तिप्पट वजन, पण रडगाणं तेच, इथे त्याला सरळ 'डेथ वॉबल' म्हणतात. फरक एवढाच की आमच्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळे ऍक्सल आडवा सरकू नये म्हणून एक ट्रॅक बार असतो. त्याचं चासीकडचं टोक बॉल जॉइंटचं, आणि ते आधी जातं. लोक डँपरवर डँपर लावतात, काही जण दोन दोन लावतात, आणि ट्रॅक बारला कोणी हात लावत नाही.

अपग्रेडबद्दल बोलायचं तर या पिढीच्या रॅममध्ये टाय रॉड दोन्ही नकलना थेट जोडलेला नाही. ड्रॅग लिंक एका नकलपर्यंत जाते आणि दुसऱ्या नकलचा दांडा मध्येच तिला येऊन मिळतो, वाय अक्षरासारखा. पुढचा भाग वरखाली झाला की टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, बदलतो. कंपनीने २००८ च्या मध्यानंतर टी पद्धतीची जोडणी दिली: एक सलग जाड टाय रॉड दोन्ही नकलमध्ये आणि त्याला ड्रॅग लिंक. ती जुन्या गाड्यांनाही बसते, मी तीच बसवली. फरक जमीन-अस्मानाचा. पण आधी बॉल जॉइंट आणि ट्रॅक बार नवे केले. क्रम तोच, जो लेथवाले सांगतायत.

जीपवाले_तात्या

बॉक्स नाही तर नाही. पण टाय रॉड एंड टाकताना एक ऐका. ते सोडवायला पाचरीचा काटा ठोकू नका, बूट फाटतो. तो ज्या डोळ्यात बसतो त्याच्या दोन्ही बाजूंना दोन हातोड्या समोरासमोर एकदम मारा, टेपर आपोआप सुटतो. आणि कॅसल नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे फिरवायचा नाही. पुढच्याच खाचेपर्यंत आवळायचा.

लेथवाला

तात्या, हे लाख बोललात.

घाटवेडा

डावी बाजू उघडली. फोटो टाकतोच, पण लिहितो.

नकलमधून ग्रीस निघालंच नाही. करड्या रंगाची पातळ लापशी निघाली. खालच्या बेअरिंगचा पिंजरा तुटून त्याचे तुकडे तळाला बसले होते. रेस पुसून उजेडात धरली तर बरोबर सांगितलं तसंच: एका बाजूला ओळीने बारीक समांतर चिरा, नखाने मोजता येतील इतक्या खोल, आणि उरलेली रेस आरशासारखी. वरचं बेअरिंग त्या मानाने बरं, पण तेही बदलतोय. उजवीकडे व्हील बेअरिंगचा लॉकनट ढिला होता आणि किंगपिनला चिरा आत्ता कुठे पडायला लागल्या होत्या.

नाना पेठेत दोन्ही बाजूंचं सामान मिळालं. टाय रॉड एंड तीन दुकानांत तीन भावांचे. सगळ्यात स्वस्ताचा हातात घेतला तर नवा असून बोटाने फिरत होता. महागातला बोटाने हलेना. तोच घेतला, चारही.

आता प्रश्न शिमचा. किती ठेवू?

मोहर्ली_जिप्सी

आमचा मिस्त्री हातानं बघते. नकल बसवून हातानं फिरवायचा, जड गेला पाहिजे पण अडकला नाही पाहिजे. शिम काढली का जड, घातली का हलकं.

लेथवाला

दादा, तुमच्या मिस्त्रीच्या हाताला रोजची सवय आहे. घाटवेड्यांचा हात पहिल्यांदाच लागतोय. बाजारात साधा स्प्रिंगचा ताणकाटा मिळतो, तो घ्या. मागचं सील न लावता, नुसता नकल किंगपिनवर बसवून, टाय रॉडच्या भोकात काटा अडकवून काटकोनात ओढा. नकल हलायला लागतो त्या क्षणाचं वजन वाचा. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ते १ ते १.८ किलोच्या मध्ये हवं. सील लावून मोजलं तर सीलचं घर्षण त्यात मिसळतं आणि आकडा खोटा येतो. नव्या बेअरिंगला मी वरच्या टोकाजवळ ठेवतो, कारण ते थोडं बसतं.

मोहर्ली_जिप्सी

काटा ठीक हाय. पण मिस्त्रीला नका सांगू, हसते तो. :)

घाटवेडा

दोन्ही बाजू झाल्या, काटा दीडच्या आसपास. पुढच्या पाट्यांचे बुशही टाकले. टो घरीच लावला: टायरच्या मध्यावर खडूची रेघ, ऍक्सलच्या उंचीला पुढून आणि मागून मोजमाप, पुढून ४ मिमी कमी. मॅन्युअल २ ते ६ म्हणतं.

पुलाच्या सांध्यावरून गेलो. ऐंशीला. काही नाही! डँपर मुद्दाम सोडवून गेलो, तरी काही नाही.

पण गाडी अजून भटकते. हात सैल केला की वळणातून स्टेअरिंग परत यायला आळस करतं, आणि सरळ रस्त्यावर सतत दुरुस्त करत राहावं लागतं.

लेथवाला

डँपर परत लावा, पण आता तो त्याच्या कामाला आहे, लपवायला नाही.

भटकणं हे तुमच्या लांब शॅकलचं देणं आहे. जिप्सीचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. तिथे लांब शॅकल टाकला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ऍक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे असलेला कल, कमी होतो. मूळ कॅस्टर साडेतीन अंश. कॅस्टरच चाकाला सरळ यायला लावतं. लेझर अलाइनमेंटवाल्याकडे जा, नुसतं वाचून घ्या. सलग ऍक्सलला तो टो सोडून काहीच बदलू शकत नाही, त्यामुळे "कॅस्टर पण सेट केलं" असं बिल आलं तर विचारा कसं.

घाटवेडा

डावीकडे दीड, उजवीकडे पावणेदोन.

लेथवाला

म्हणजे ऍक्सल आणि पाट्याच्या मध्ये दोन अंशांची पाचर. ती घ्यायची पोलादी, ऍल्युमिनियमची नको, दाबाखाली तडकते. तुमचा ऍक्सल पाट्याच्या वर बसलेला आहे, म्हणून जाड बाजू पुढे. ज्यांनी पाटे ऍक्सलच्या वर नेऊन गाडी उचललीय त्यांना जाड बाजू मागे, हे उलटं करून बसलेले लोक मी पाहिलेत. मधला सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीएवढा लांब लागेल. पाचरीने पुढच्या डिफरन्शियलचं तोंड थोडं खाली झुकतं, त्यामुळे दोनच्या वर जाऊ नका, नाहीतर फोर-व्हीलमध्ये पुढचा प्रोपेलर शाफ्ट कुरकुरेल. खरा उपाय मूळ लांबीचे शॅकल परत लावणं. पण मग लोक फोटो काढणार नाहीत.

उद्यमनगरात अशा पाचरी मिलिंगवर करून मिळतात, हवं तर मापं पाठवा.

रानभूल

पॉवर स्टेअरिंगचं काय झालं? आम्हाला खरं तर तेच हवंय. पार्किंगमध्ये २३५ चे टायर फिरवताना खांदे निघतात.

डेन्व्हरकर

इथे समुराईवाले (तुमच्या जिप्सीचीच इथली बहीण) सुझुकी साइडकिकचा हायड्रॉलिक बॉक्स बसवतात. भारतात काय चालतं माहीत नाही.

लेथवाला

इकडे दोन रस्ते. हायड्रॉलिकसाठी पंप, पुली, ब्रॅकेट आणि दुसरा बॉक्स. एस्टीमचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे पंपाचं ब्रॅकेट जमवता येतं, पण बॉक्ससाठी चासीवर काम करावं लागतं. दुसरा रस्ता म्हणजे वॅगन आर सारख्या गाडीचा इलेक्ट्रिक कॉलम. डॅशबोर्डखालीच बसतो, म्हणून जास्त लोक तोच करतात.

त्यात तीन गोष्टींवर मी अडून बसतो. पहिली, शाफ्ट. स्टेअरिंगचा शाफ्ट मधून कापून टोकाला टोक लावून वेल्डिंग मारलेलं दिसलं तर मी त्या गाडीत बसत नाही. स्प्लाइनचा कपलर किंवा युनिव्हर्सल जॉइंटच हवा. दुसरी, वीज. जागेवर चाक फिरवताना मोटर तीस-चाळीस अँपिअर सहज ओढते. जुना अल्टरनेटर, जुनी वायर आणि फ्यूज नाही, हे चालणार नाही. तिसरी, सिग्नल. त्या युनिटला गाडीचा वेग आणि इंजिनचे फेरे कळायला हवेत. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत ते मिळत नाहीत, मग ते ठरावीक मदत देत राहतं आणि शंभरच्या वेगाला स्टेअरिंग पोरखेळासारखं हलकं लागतं.

आणि झिजलेल्या सांध्यांवर पॉवर स्टेअरिंग बसवलं तर तुम्हाला खेळ हाताला कळतच नाही. मोटर तो गिळून टाकते. टाय रॉड एंड निसटायच्या आधी टकटक ऐकू यायची, तीही जाते.

जीपवाले_तात्या

आणि कागदाचं बघा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही. पंधरा वर्षं उलटलेली गाडी पुन्हा नोंदवायला आरटीओत नेली की इन्स्पेक्टर आधी खालूनच बघतो. अपघात झाला तर विमावालाही तेच विचारेल. आधी आरटीओत विचारून घ्या, मग पैसे घाला.

रानभूल

म्हणजे छोटे टायर आणि चांगले दंड.

घाटवेडा

पाचरी बसल्या, कॅस्टर साडेतीनला अगदी थोडा कमी. ताम्हिणीतून खाली उतरून आलो, वळणातून स्टेअरिंग आपणहून परत येतंय. मोकळा खेळ आता एका बोटाचा, तो बॉक्सचा. तात्या, तुमचा स्क्रू अजून हलवलेला नाही, आणि हलवणारही नाही.

पॉवर स्टेअरिंग सध्या रद्द. सगळं नीट झाल्यावर २३५ चे टायरही हलके लागतायत, निम्मा जडपणा त्या चिरांचाच होता. बॉक्ससाठी काही करावं लागलं तर याच धाग्यावर लिहीन.

मोहर्ली_जिप्सी

भाऊ, किंगपिनचे बोल्ट आणि यू बोल्ट थोडं चालवून झाल्यावर पुन्हा एकदा आवळा. बेअरिंग बसते, पाचर बसते, बोल्ट ढिले होतात. आणि पाण्यातून गाडी काढली असेल तर नकलचं ग्रीस बघूनच पुढं न्या. पांढरं दिसलं का लगेच बदला.